नायजेरियाच्या जनगणनेवर तिथलेच लोक विश्वास का ठेवत नाहीत?

प्रश्न: लागोसला नोकरी करणारा मित्र म्हणतो सरकारी आकडा तिथे कोणी खराच मानत नाही. असं का?

उत्तर: अहो, लोकसंख्येवर केंद्राचा बराच पैसा नि संसदेतल्या जागा ठरतात, मग जो तो आकडा फुगवायला बघतो. १९६२ची मोजणी रद्द, १९७३ची पण रद्द, आणि २००६ला कानो राज्य ९४ लाख नि लागोस राज्य ९० लाख निघालं, तर लागोसच्या राज्य सरकारने स्वतः मोजले ते जवळपास १.७५ कोटी!

उत्तर: २००६ला भांडणं नकोत म्हणून धर्म, जमात विचारलीच नाही, तरी संशय गेला नाही. वाईट साध्या माणसाचं वाटतं, दवाखाने शाळा कुठे लागतील ते कशावरून ठरवायचं?

प्रश्नकर्ता: मग नवी मोजणी?

उत्तर: २०२३ला ठरलेली, पुढे ढकलली.