वर्दीतल्या चुका मुद्दाम?

'वर्दी हुबेहूब दाखवली तर गुन्हा होतो, म्हणून सिनेमावाले मुद्दाम चूक ठेवतात' हे वर कुणीतरी लिहिलंय, ते पटलं नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम १४० साठी आपण खरेच सैनिक आहोत असं भासवायचा हेतू लागायचा. नटाचा तो कुठे असतो? निव्वळ आळस आहे हा.

आमचे मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. हिरोच्या बंदुकीतल्या गोळ्या संपेनात तरी ते निवांत शेंगा सोलत बसतात. पण त्याने उघड्या डोक्याने सॅल्यूट ठोकला की संपलं, "अरे, टोपी कुठंय तुझी?" डोक्यावर टोपी नसेल तर नुसतं सावधान व्हायचं असतं. पडद्यावरचा नौदल अधिकारी तळवा समोर करतो तेव्हाही तेच. नौदलात तळवा खाली झुकवतात. हिरोच्या दाढीच्या खुंटांबद्दल तर विचारूच नका.