ओढायचं वजन वेगळं, लटकवायचं वेगळं

गाडीचा हिच, म्हणजे मागे ट्रेलर जोडायचा हुक, १५०० किलो ओढतो, मग ११० किलोची डर्ट बाईक त्याच हिचवर बसवलेल्या कॅरियरवर सहज जाईल, असं वाटतं. गल्लत इथेच होते. ट्रेलरचं बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं, कॅरियरवरचं सगळं हिचवर लटकतं. म्हणून हिचच्या प्लेटवर उभ्या भाराचा, म्हणजे हिचवर वरून किती वजन चालेल त्याचा आकडा बघा, तो पुष्कळदा ७५ ते १०० किलोच असतो. त्यात लोखंडी कॅरियरचेच २५-३० किलो धरा! शिवाय बाईक मागच्या चाकांपासून लांब, त्यामुळे गाडीचं नाक वर उचलतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत. ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत तर प्रत्येक आदळ्याला तोच भार कितीतरी पटीने बसतो.

बाईक बांधायचे पट्टे हँडलपासून खाली दोन्ही बाजूंना, बाईकचं पुढचं सस्पेन्शन थोडं दबेपर्यंत आवळा. मी कासारवडवलीहून निघालो की गायमुखला थांबून पुन्हा आवळतो, कारण सैल पडतातच. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात, त्यासाठी वेगळा लाइटबोर्ड लागतोच.

हलकी, ७०-७५ किलोची बाईक असेल आणि कॅरियर धरून सगळं वजन हिचच्या उभ्या भाराच्या आकड्यात बसत असेल तर जरूर न्या. ११० किलोवाल्याने सरळ छोटा हत्ती भाड्याने घ्यावा.