पायाच्या नसांसाठी ती निळी पट्टी कशी लावायची? लवकर सांगा (सोलापूर)

होटगीरोडकर: खेळाडू लावतात ती ताणणारी पट्टी मागवली आहे, अप्पांच्या पोटरीला लावायची आहे. एका व्हिडिओत खालून वर लावतात, दुसऱ्यात वरून खाली. किती ताणायची? काल लावली, दुपारपर्यंत घामाने सुटली. नुसतं 'डॉक्टरांना दाखवा' लिहू नका, दाखवून झालंय.

खारे_शेंगदाणे: कशासाठी पण? पाय मुरगळलाय की गोळे येतात?

होटगीरोडकर: नसा फुगल्यात हो. 28 वर्षं लूमवर उभं राहून काम. संध्याकाळी घोटे सुजतात, बोट दाबलं की खड्डा पडतो.

फिजिओताई: तेल न लावता पाय धुवून कोरडा करा, केस कापा, पट्टीचे कोपरे गोल कापा. दोन्ही टोकं अजिबात ताणायची नाहीत. लावल्यावर तळव्याने चोळा, उष्णतेनेच डिंक धरतो. नीट लावली तर 3 ते 5 दिवस टिकते. पण अपेक्षा बेताची ठेवा. जपानच्या केन्झो कासेंनी ही पट्टी 1970 च्या दशकात काढली ती स्नायू-सांध्यांसाठी. नसेतली झडप सैल झाली की रक्त खाली साचतं, पट्टी झडप दुरुस्त करत नाही. स्पेनमध्ये सौम्य त्रास असलेल्या महिलांवर प्रयोग झाले, बरं वाटलं. पण दुखणं कमी झालं त्यात मनाच्या समजुतीचा भाग असू शकतो, असं त्यांनीच म्हटलंय.

नवीपेठ_नाना: पट्टीबिट्टी सोडा. क्लास 2 चे, म्हणजे मध्यम दाबाचे मोजे घ्या, सकाळी खाटेवरून उतरायच्या आधी घालायचे. आमच्या हिला सहा महिन्यांत फरक.

काय_बे: मे महिन्यात सोलापुरात मांडीपर्यंत मोजे? नाना, तुम्ही एसीत बसता काय?

नवीपेठ_नाना: गुडघ्यापर्यंतचेही मिळतात. आधी वाचा, मग बोला.

वैद्यबुवा: जळू लावा. अशुद्ध रक्त निघून जातं.

काय_बे: रक्त अशुद्ध नाही बुवा, अडकलंय.

खारे_शेंगदाणे: लूम कुठली, चादरीची की टॉवेलची? आमचे काका अक्कलकोट रोडला होते. आता निम्मे माग भंगारात गेले.

फिजिओताई: होटगीरोडकर, वय? शुगर? बिडी? घोट्याच्या वर कातडी काळी पडलीय का?

होटगीरोडकर: 61. शुगर आहे, सात-आठ वर्षं झाली. बिडी दिवसाला एक बंडल. कातडी काळी आहे, खाजही येते. हे सगळं पट्टीसाठी कशाला लागतं?

फिजिओताई: लागतं! त्या काळ्या, खाजऱ्या जागेवर पट्टी नकोच, काढताना साल निघेल आणि शुगरमध्ये जखम लवकर भरत नाही. नाना, मोजेही लगेच नकोत. शुगर आणि बिडी म्हणजे धमन्याही अरुंद असू शकतात, वरून दाब दिला तर पावलाला रक्त कमी पडेल. आधी घोट्याचं प्रेशर भागिले दंडाचं प्रेशर काढून घ्या. 0.9 च्या खाली आलं तर धमनीत अडथळा धरतात, 0.5 च्या खाली घट्ट मोजे नाहीतच. शिवाय नसांचा कलर डॉपलर, म्हणजे रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी. झालाय का?

होटगीरोडकर: डॉपलर नाही झाला. डॉक्टरांनी पाय बघून गोळी दिली फक्त.

नवीपेठ_नाना: शुगरचं आधी सांगायचं ना राव.

मेडिकलवाला: बीपीची गोळी कुठली चालू आहे?

होटगीरोडकर: अम्लोडिपिन. दिवाळीनंतर 5 ची 10 केली.

मेडिकलवाला: आणि सूज कधी वाढली?

होटगीरोडकर: ...संक्रांतीच्या आसपास. गड्ड्याच्या यात्रेला चप्पल बसेना म्हणून अनवाणी फिरले.

मेडिकलवाला: या गोळीने घोटे सुजतात, डोस वाढला की जास्त. नसा आधीच्या असतील, सूज हिचीही असू शकते. स्वतःहून बंद करू नका, गोळ्यांचा पत्ता घेऊन डॉक्टरांकडे जा.

वैद्यबुवा: जळूने बीपीही उतरतं.

होटगीरोडकर: उद्या सकाळी नेतो. अप्पा म्हणतात, पाळी सोडून येणार नाही. आणि पट्टीचा अख्खा रोल पडलाय त्याचं काय?

काय_बे: माझा खांदा दुखतोय बॉलिंग करून. सात रस्त्याला येऊन घेऊन जातो, निम्म्या किमतीत देता का?