कंपोस्ट आपलं, सल्ले गावाचे

बाल्कनीवाली_बाणेर
घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करणारे बरेच जण इथे असतील, म्हणून विचारतेय. खत करणं सोपंय हो, त्यावरचे सल्ले पचवणं अवघड. डबा बाल्कनीत आला तेव्हापासून सासूबाई, समोरचे काका, इस्त्रीवाले दादा, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांना काही ना काही सांगायचंच असतं. ताक घाल, गूळ घाल, गूळ नको मुंग्या येतील, गांडुळं आण, छे छे गांडुळं घरात कसली आणतेस. तर कुठला आगंतुक सल्ला कामी आला आणि कुठल्यावरून वाजलं ते लिहा. भांडलात तरी चालेल, फक्त गोडीत.

पेठेतला_काका
मी सल्ले देणाऱ्यांच्या बाजूचा, आधीच सांगून टाकतो. तुमचा डबा तुमचा, मान्य, पण त्याचा वास जिन्यात आला की तो सार्वजनिक झाला ना, मग मी बोललो तर काय बिघडलं? आणि वासावरून सगळं कळतं. सडक्या अंड्यासारखा येत असेल तर पाणी जास्त झालंय आणि आत हवा पोचत नाहीये, डबा उपसून खालीवर करा, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा घाला. नाकात झोंबणारा, अमोनियासारखा येत असेल तर भाजीपाला जास्त आणि वाळकं कमी पडतंय. खालच्या मजल्यावरच्या मुलीला हेच सांगायला गेलो तर म्हणे काका, मी यूट्यूबवर बघितलंय सगळं. म्हटलं बघ बाई, पण यूट्यूबला वास येत नाही.

मेथीची_जुडी
काका, मुद्दा बरोबर आहे पण जिन्यात गाठून, हातात भाजीच्या पिशव्या असताना सांगू नये एवढंच. चहाला बोलवा आणि मग सांगा की.

गच्चीवरची_बाग
माझा किस्सा अळ्यांचा. पावसाळ्यात एक दिवस झाकण उघडलं तर आत नुसती वळवळ, मळकट पांढऱ्या, चपट्या, चांगल्या बोटाच्या पेराएवढ्या, आणि कान दिला तर चक्क चुरचुर असा आवाज येतो त्यांच्या खाण्याचा. मी किंचाळले तर अर्धा मजला गोळा. बहीण म्हणाली मीठ टाक, शेजारच्या वहिनी फिनेलची बाटलीच घेऊन आल्या. आमच्या कामाच्या मावशींनी मात्र वाकून बघितलं आणि म्हणाल्या, राहू द्या ताई, उकिरड्यात असतातच की ह्या, खाऊन मोठ्या झाल्या की जातात निघून. नंतर शोधलं तर त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या निघाल्या. कचरा भराभर फस्त करतात, आणि त्यांची मोठी माशी घरमाशीसारखी ताटावर घोंघावत नाही, तिला अन्नात फारसा रसच नसतो. वाढ पूर्ण झाली की काळपट होतात आणि स्वतःच डबा सोडून भिंतीने चालू लागतात. मी त्या सुपलीत गोळा करून कठड्यावर ठेवते, साळुंक्या वाटच बघत असतात. मीठ किंवा फिनेल टाकलं असतं तर अळ्यांबरोबर खत करणारे जिवाणूही गेले असते. वहिनी अजून म्हणतात की फिनेल उत्तम, आणि मी अजून त्यांच्याकडे विरजण मागायला जाते. चाललंय.

सेक्रेटरी_नाइलाजाने
सेक्रेटऱ्यांचं नाव आलंच आहे तर आमचीही बाजू ऐका. लोकांना वाटतं आम्हाला दुसऱ्याच्या डब्यात नाक खुपसायची हौस आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणारी मोठी सोसायटी असेल तर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवा असं आलं, वर पुणे महापालिकेच्या मालमत्ता करात गांडूळखत, सोलर, पावसाचं पाणी यांपैकी एक प्रकल्प असेल तर ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सूट. पण प्रकल्प चालू पाहिजे, नुसता बांधून ठेवलेला हौद दाखवून भागत नाही. तर आमच्या हौदात कोणीतरी डायपर टाकतं. मी ग्रुपवर फोटोसकट सूचना टाकली तर उत्तर आलं, अनाहूत सल्ले नकोत. अहो याला सल्ला म्हणतात का?

देवाच्या_उरुळीची
माझं माहेर उरुळी देवाची. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं आमच्याकडे येऊन पडला, विहिरी खराब झाल्या, गाववाल्यांनी गाड्या अडवल्या की तेवढ्यापुरती पेपरात बातमी यायची. त्यामुळे सल्ला कोणी मागो न मागो मी देते आणि देणार. कोथरूडला हळदीकुंकवाला गेले तरी देते. राग आला तर येऊ दे.

लिंबूटिंबू
लिंबाच्या सालीवरून आमच्याकडे दोन मावश्यांचं बोलणं बंद व्हायची वेळ आली होती. एक म्हणे घालायची नाही म्हणजे नाही, दुसरी म्हणे मी कायम घालते. दोघी बरोबर होत्या! एकीकडे गांडुळांचं खत, त्यांना आंबट सोसत नाही. दुसरीकडे साधा डबा, वाळक्या पानांचे थर दिलेला, त्याला बारीक चिरलेली थोडी सालं काही करत नाहीत, फक्त जिरायला वेळ लागतो. पण आधी तुझा डबा कुठला हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही, मला वाटतं निम्मे वाद इथेच होतात. सासूबाईंच्या ताकाचं म्हणाल तर तो सल्ला खरा आहे हं, आंबट ताकातले जिवाणू सुरुवातीला मदत करतात. कपभर पाण्यात मिसळून शिंपडायचं, तांब्याभर ओतायचं नाही.

बाल्कनीवाली_बाणेर
ताकाचं सासूबाईंना वाचून दाखवलं. आता आठवडाभर ऐकावं लागणार मला 😄 पण एक सांगते, मला सल्ल्याचा त्रास नाही होत, "तुला जमणार नाही" अशा सुरात आला की होतो. मावशींसारखं आधी वाकून बघा आणि मग बोला.

पेठेतला_काका
वाकून बघायला गुडघे नकोत का.

पाचोळा_सहकारनगर
मूळ अडचण वाळक्याची आहे मंडळी. भाजीच्या देठासालांत नायट्रोजन भरपूर, कार्बन कमी, म्हणून साधारण वाटीभर ओल्याला निदान वाटीभर वाळकं लागतंच. आणि आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्तोरस्ती तीच पानं झाडून पेटवतात, मी थांबून बोलतो आणि दरवेळी शिव्या खातो. गुलमोहर, शिरीष यांची बारीक पानं पटकन जिरतात, बदामाची जाड असतात, ती चुरूनच घाला. माझ्याकडे पोती भरून ठेवलीत, हवी त्यांनी येऊन घेऊन जावीत, पैसे नकोत, पोतं मात्र परत आणा. आणि नेल्यावर एकदा चाळून घ्या, त्यात गुटख्याच्या पुड्या निघतात.

मेथीची_जुडी
शनिवारी येते. दोन पोती ठेवा. गुडघ्यांवरचे उपाय विचारले नाहीयेत पण काकांसाठी तेही घेऊन येईन.