बीएस्सी एफवायला कोल्हापुरात येतोय, काय काय तयारी करू?

राधानगरीची_लालपरी
नमस्कार सगळ्यांना. बारावी सायन्स झाली, कोल्हापुरात बीएस्सीला ॲडमिशन मिळालंय, पुढच्या आठवड्यात कॉलेज सुरू. आमचं गाव राधानगरीच्या पण पुढं आतल्या बाजूला, रंकाळा स्टँडला पोचायला दोन तास धरा, तिथनं पुढं केएमटी, म्हणजे शहरातली बस. घरात रोज वाद चाललाय, पप्पा म्हणतात अपडाऊन कर पास आहेच की, आई म्हणते खोली बघूया. मी आपली एक यादी केलीय, लॅपटॉप, नवीन सॅक, ॲप्रन, चार ड्रेस, टेबल लॅम्प, यातलं खरंच काय लागतंय? दुसरं म्हणजे बारावीला पुस्तक इंग्लिश होतं पण सर सगळं मराठीतनंच सांगायचे, इथं सगळं इंग्लिशमधनंच चाललं तर माझं कसं व्हायचं. आणि हे मेजर, मायनर, ओई, व्हीएससी काय भानगड आहे? फॉर्म भरताना नेटकॅफेवाल्यानं काय काय टिक केलंय मला अजून माहीत नाही.

सिंहगड_रोडकर
भावा लॅपटॉप आत्ता घेऊ नकोस, बीएस्सीला पहिल्या वर्षी मोबाईलवर भागतं. मुलांची होस्टेल बघ आधी.

राधानगरीची_लालपरी
मी मुलगी आहे ओ. आमच्याकडं पोरीपण येतोय-जातोयच म्हणतात.

तांबडापांढरा
पुण्यातनं कोल्हापूरच्या पोरीला भावा म्हटलं, नाद खुळा. चालतंय चालतंय, राग नको.

रसायन_लॅबची_भुतं
मी केमिस्ट्रीत एमएस्सी करतोय (मीपण पोरगीच, कुणी भावा म्हणू नका). मी गगनबावडा साइडची, पहिलं वर्ष अपडाऊन केलं म्हणून सांगतो. पहिली गोष्ट पप्पांना सांग, बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतनं पास फुकट मिळत होता तो आता संपला, आता विद्यार्थी पास, त्यात 66.67 टक्के सवलत आहे म्हणजे भाड्याच्या तिसऱ्या हिश्श्यात काम होतं, स्वस्तच आहे, वाद नाही. पण कॉलेज सुरू होतंय नेमकं पावसात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटाला गेली की इशारा आणि 43 ला धोका, ते आकडे शहराचे झाले, आपल्याकडं त्याच्या किती आधी एखाद्या ओढ्यावर पाणी येतं आणि एसटी निम्म्यातनं माघारी फिरते. तुमच्याकडं तर धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे, त्यातले दोन उघडले तरी गावात चर्चा सुरू की आता रस्ता जातोय का राहतोय. मी त्या जुलैत सलग नऊ दिवस घरात बसून होतो आणि इकडं पहिली तीन प्रॅक्टिकल होऊन गेलेली. परत आलो तर बॅचमधल्या सगळ्यांचे हात बसलेले आणि माझं टायट्रेशन (ब्युरेटच्या नळीतनं थेंब थेंब सोडून रंग बदलेपर्यंत मोजायचं) बघायला निम्मी लॅब गोळा. ब्युरेटचा नळ एवढासा जास्त फिरला, एक थेंब जादा पडला आणि फिकट गुलाबी यायच्या जागी सरबतासारखा गडद रंग, परत पहिल्यापासनं. म्हणून माझं म्हणणं, गणपतीपर्यंत तरी खोली घे, पुढचं पुढं बघ. हजेरी 75 टक्के लागते ते वेगळंच.

इंग्लिशचं एवढं मनावर घेऊ नको. पहिले पंधरा दिवस डोक्यावरनं जातंय, मग सरच एक वाक्य इंग्लिशमधे बोलून "म्हणजे काय होतंय बघा" म्हणून मराठीवर येतात. पेपर मात्र इंग्लिशमधेच लिहायचाय. मी वहीच्या मागच्या पानावर रोज अडलेले शब्द लिहायचो, दिवाळीपर्यंत पान भरायचं बंद झालं. आणि ॲप्रन सुती घे, पॉलिस्टरचा नको, बर्नरजवळ भीती असते. लॅम्प राहू दे.

टेबल_नंबर_चार
कॉलेज ऑफिसात 31 वर्षं काढली, आता रिटायर. बाळ, सॅकचं नंतर बघ, आधी कागद. शाळा सोडल्याचा दाखला कॉलेजात एकदा जमा केला की हातात राहत नाही, त्यामुळं आधीच पाच-सहा झेरॉक्स काढून ठेव आणि मोबाईलवर स्कॅनपण. उत्पन्नाचा दाखला 31 मार्चपर्यंतच चालतो, घरातला बघ, गेल्या वर्षीचा असेल तर आजच सेतूत जा. लागू असेल तर नॉन क्रिमिलेयरवरची तारीखपण बघ. आणि दहावीचं मार्कलिस्ट, आधार, बँक पासबुक या तिन्हीवर नाव अक्षर न् अक्षर एकच पाहिजे. एका मुलीच्या आधारवर वडलांच्या नावापुढं "राव" होतं, मार्कलिस्टवर नव्हतं, तेवढ्यावरनं तिची एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर) अडकली आणि ते निस्तरायला दोन महिने हेलपाटे घातले बिचारीनं.

महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपचा ऑनलाइन फॉर्म भरशील तो स्वतःच्या मोबाईल नंबरवर भर, पासवर्ड वहीत लिही. नेटकॅफेवाल्याच्या नंबरवर ओटीपी जातो आणि पुढच्या वर्षी तो दुकान बंद करून गेलेला असतो. खातं आधारला लिंक आहे का बँकेत विचार, नुसतं खातं असून पैसे येत नाहीत. कुणी सांगेल मुलींना फी माफ आहे म्हणून, तर 2024 चा तो निर्णय व्यावसायिक कोर्सचा आहे, आठ लाखाच्या आत उत्पन्न आणि कॅपमधनं, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतनं प्रवेश असेल तर. साध्या बीएस्सीला तो धरून बसू नको, पण स्कॉलरशिपचा फॉर्म सोडूपण नको.

विषयांचं, कॉलेजात गेल्या गेल्या ऑफिसातनं तुझ्या फॉर्मची प्रिंट माग. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर जोडीचा, व्हीएससी कौशल्याचा, आणि ओई म्हणजे दुसऱ्या शाखेतला विषय, सायन्सवाल्याला कॉमर्स नाहीतर आर्ट्समधला. ओई चुकीचा पडला तर सुरवातीला बदलून मिळण्याची शक्यता असते, परीक्षेचा फॉर्म आल्यावर रडत आलेल्या पोरांना आम्हीपण काही करू शकायचो नाही.

राजारामपुरी_डबा
मी मेस चालवते, सतरा वर्षं झाली. खोली बघाय दुपारी येऊ नको गं, तेव्हा सगळं चकाचक असतंय. संध्याकाळी सातला ये, आईला घेऊन ये, नळ सोडून बघ, पाणी किती वेळ येतंय ते मालकिणीला नाही तिथल्या पोरींना विचार. कॉट बेसिसला एका खोलीत किती कॉट आहेत ते मोज, सांगताना तीन आणि सणानंतर चौथी येते. पावसात कपडे कुठं वाळत घालायचे हे कुणीच विचारत नाही आणि मग ऑगस्टभर ओलं अंथरूण. डिपॉझिट दिलं तर पावती, आणि भिंतीचे फोटो पहिल्याच दिवशी. माझ्या भाचीला एका ठिकाणी जुन्या ओलीचे पैसे कापून दिले होते. मेस लावायच्या आधी एक वेळ पैसे देऊन जेवून बघ, आणि रविवारी संध्याकाळी सगळीकडं मेस बंद असते, त्या दिवसाची सोय आपली आपण.

दसरा_चौक_जुना
खोलीच्या आधी वसतिगृहाला अर्ज टाका, समाजकल्याणची मुलींसाठी आहेत, यादी उशिरा लागते हे खरं. शाहू महाराजांनी 1901 पासनं इथं बोर्डिंगं उभी केली ती खेड्यातल्या पोरांची राहायची आबाळ बघूनच, दसरा चौकात उभं राहिलं की पुतळ्याच्या आसपास अजून दिसतात.

तांबडापांढरा
काका इतिहासावर आले म्हणजे आता धागा संपला.

राधानगरीची_लालपरी
सगळ्यांना थँक्यू. पप्पांना फुकट पास संपल्याचं सांगितलं, ते म्हणाले आधी एसटीत विचारून येतो. आले आणि गप्प बसले. उद्या संध्याकाळची सातची वेळ ठरलीय, दोन खोल्या बघायच्यात, आई आत्तापासनं नळ नळ करतीय. आधारवर माझं नाव बरोबर आहे पण आडनावात एक वेलांटी वेगळी दिसतीय, टेबल नंबर चार काका, मराठीतली वेलांटी धरतात का हो?

टेबल_नंबर_चार
इंग्लिश स्पेलिंग बघतात. ते जुळतंय का बघ आणि सांग.