टेक्सासमध्ये साइटवर घालायला वेस्टर्न बूट, अमेरिकेतच बनलेले कुठले घ्यावेत?

सोलापूरकर: मंडळी, ह्यूस्टनजवळ साइटवर दिवसभर काँक्रीटवर उभं राहायचं काम आहे, लेसवाले नकोत, सरळ पाय घालून ओढायचे वेस्टर्न हवेत आणि शक्यतो इथेच बनलेले. पाऊल रुंद आहे. बजेट ३०० डॉलर, थोडं वर गेलं तरी चालेल.

मिसळप्रेमी: आधी सेफ्टीवाल्याला विचारा स्टील टो (बोटांवर आतून पोलादी टोपी) लागतो का. लागत असेल तर आत एएसटीएम एफ२४१३ (सेफ्टी बुटांचं अमेरिकन स्टँडर्ड) चं लेबल बघूनच घ्या. लेदर सोल बिलकुल नको, ओल्या काँक्रीटवर आपटाल. रबर सोल आणि बुटकी रोपर टाच बेस्ट.

तात्या_टेक्सासवाले: खोक्यावरचं बैलाचं शिंग बघून भुलू नका राव, लेबल वाचा. एकाच ब्रँडचे काही जोड इथले, काही मेक्सिको नाहीतर चीनचे. 'विथ इम्पोर्टेड मटेरियल्स' लिहिलं असेल तर शिवले इथे पण माल बाहेरचा. अँडरसन बीन कंपनीचे बघा, टेक्सासातल्याच मर्सिडीज गावात बनतात. आणि लेस नसल्यामुळे सगळी पकड पावलाच्या वरच्या उंचवट्यावर असते, तिथे घट्टच बसला पाहिजे, टाच सुरुवातीला जरा उचलते, सोल वाकायला लागला की कमी होतं. रुंद पायासाठी नंबर वाढवू नका, त्याच नंबरात डबल ई (EE, म्हणजे रुंद माप) मागा. गुडइयर वेल्ट (पट्टी लावून शिवलेला सोल) असेल तर सोल बदलून मिळतो, महाग पडले तरी वसूल.

सोलापूरकर: थँक्यू तात्या! स्टील टो कंपल्सरीच आहे म्हणे. ट्रायलला कामावरचे जाड मोजे नेऊ ना?

तात्या_टेक्सासवाले: न्याच, आणि संध्याकाळी जा, तेव्हा पाय जरा सुजलेले असतात.