कोल्हापुरी चपलेचा तळ आणि पाऊस
भिजलेली कोल्हापुरी चप्पल थेट उन्हात वाळवावी, असे काही जण सुचवतात. त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले हे कातडे पाणी चटकन शोषते, आणि कडक उन्हात ते भराभर सुकले की आक्रसून तळाच्या कडा वर वळतात व टाचेजवळची शिवण ताणली जाते. त्यापेक्षा चिखल ओलसर फडक्याने पुसून, तळाला दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशी चप्पल कडेवर उभी करून, सावलीत दोन दिवस वाळू द्यावी. पूर्ण सुकल्यावरच एरंडेलाचा हलका हात फिरवावा. ओल्या कातड्यावर तेल चोळल्यास आतली ओल कोंडते आणि बुरशी धरते. तळाला पातळ रबर लावायचे असेल, तर ते चप्पल नवी असतानाच कारागिराकडून लावून घ्यावे.